फुगा मोजायचा कसा?

दुधाची पिशवी आपण रोज सकाळी कात्रीने कापतो. ती पिशवी आधी एक उंच, गरम फुगा होती. त्या फुग्याच्या मापाचा इतिहास आज आपल्याला पाहायचाय.

मार्च १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या विनिंग्टनला, आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत फॉसेट आणि गिब्सन यांना भांड्याच्या तळाशी पांढरा, मेणासारखा पदार्थ सापडला. हेच पॉलिथिन. युद्धात ते रडारच्या केबलला गेलं, आणि युद्धानंतर त्याची फिल्म घरोघरी आली.

फिल्म बनते ती अशी. डायच्या गोल फटीतून वितळलेलं प्लास्टिक नळीसारखं वर येतं. आत हवा भरली की नळी फुगते. जिथे ती गोठते, तिथे धुरकट रेघ दिसते. तिला फ्रॉस्ट लाइन म्हणतात. वर निप रोल फुगा दाबून चपटा करतात.

आता, गरम आणि डुलणाऱ्या फुग्याला टेप लावणार कोण? म्हणून चपट्या नळीची रुंदी मोजायची. दुप्पट केली की परीघ, त्याला पायने भागलं की व्यास. डाय १०० मिलिमीटरची आणि रुंदी ४०० असेल, तर व्यास साधारण २५५. म्हणजे फुगा अडीच पट फुगला. हाच ब्लो-अप रेशो. कारखान्यात कोणी पाय वगैरे काढत बसत नाही. रुंदीला डायच्या व्यासाने भागून ०.६३७ ने गुणलं की झालं.

हिशोब चोख आहे, पण तो फक्त शेवट सांगतो. एलडीपीईचा फुगा डायपासूनच रुंद होत जातो. एचडीपीईचा मात्र बराच वेळ बारीक मानेसारखा वर चढतो आणि मग एकदम फुगतो. रेशो दोन्हींचा सारखा आला, तरी ताण कधी आणि किती गरम असताना बसला, हे वेगळं. आणि पिशवी उभी फाटणार की आडवी, ते यावर ठरतं!

म्हणून अभ्यासक खुद्द फुग्याकडे वळले. १९७० साली पिअर्सन आणि पेट्री यांनी फुग्याचा आकार, आतला दाब आणि ओढ यांची समीकरणं मांडली. १९७४ मध्ये फार्बर आणि डीली यांचा निबंध आला, त्याचा विषयच 'ताणाचा इतिहास' होता. आम्हा इतिहासवाल्यांना हे नाव फार आवडतं.

पुढे फुग्यातली हवा सतत बदलून त्याला आतूनही थंड करायला लागले. कोंडलेली हवा होती तोवर व्यास बऱ्यापैकी टिकायचा. आता तो क्षणोक्षणी बघणं भाग पडलं. मग फुग्याभोवती न शिवता मोजणारे अल्ट्रासॉनिक सेन्सर आले.

याचा आपल्याशी संबंध काय? कॅरीबॅगची किमान जाडी २०१६ मध्ये ५० मायक्रॉन झाली, २०२१ मध्ये ७५ आणि २०२२ च्या अखेरीस १२०. डायची फट एक मिलिमीटर असेल, तर ५० मायक्रॉनसाठी प्लास्टिक एकूण वीस पट पातळ व्हायला हवं. त्यातलं अडीच पट फुगण्यातून आलं, उरलेलं आठ पट निव्वळ वर ओढून. १२० ला एकूण आठ पटच पुरतं. तोच अडीचचा फुगा ठेवला, तर ओढ जेमतेम सव्वातीन पट उरते. घनतेतला फरक आपण इथे सोडून दिलाय.

आणि सेन्सर बरोबर सांगतोय ना, हे बघायला शेवटी चपट्या नळीवर टेपच ठेवतात.