देवस्थानच्या बागेतील वसंतागमनाच्या खुणा

गोमंतकात वसंत ऋतू कधी येतो, असा प्रश्न विचारल्यास पंचांग एक उत्तर देते आणि बाग दुसरे. मासगणनेनुसार चैत्र व वैशाख हे वसंताचे मास होत. सायन गणिताने मात्र रवी १८-१९ फेब्रुवारीच्या सुमारास मीन राशीत प्रवेश करतो व तेथून वसंत धरला जातो. वसंतपंचमी तर माघ शुद्ध पंचमीस, म्हणजे याहूनही आधी येऊ शकते. आपल्याकडे हिमपात नाही व कडाक्याची थंडीही नाही. त्यामुळे ऋतुबदलाची चाहूल सूक्ष्म असते आणि ती लक्षपूर्वक पाहिल्याविना ध्यानात येत नाही. देवळाच्या आवारात नित्य येणाऱ्या भाविकांना ती ओळखता यावी, म्हणून ही माहिती येथे देत आहोत.

पहिली खूण आंब्याच्या मोहराची. मदनाच्या पंचबाणांत आम्रमंजरीची गणना आहे, हे सर्वश्रुत आहे. मोहर फुटण्यासाठी जून झालेली डहाळी व थंड रात्री या दोहोंची आवश्यकता असते. म्हणून मार्गशीर्ष-पौषात थंडी चांगली पडली, की मोहर लवकर दिसतो. पावसाळा लांबून झाडावर कोवळी पालवीच राहिली, तर तो मागे पडतो. मानकुरादाचे झाड एक वर्ष भरभरून फळते व पुढील वर्षी हात आखडते, हा सर्वांचाच अनुभव आहे. मंजरीवरील असंख्य फुलांपैकी पुष्कळशी केवळ नरफुले असतात आणि उरलेल्यांपैकीही थोडीच फळे धरतात. तेव्हा मोहर गळाला म्हणून लगेच हळहळण्याचे कारण नाही. मात्र ढगाळ हवा राहून पाने चिकट होऊ लागली, तर तुडतुड्यांचा उपद्रव समजावा. पुढे त्याच चिकट्यावर काळी बुरशी चढते.

सुरंगीची खूण डोळ्यांआधी नाकाला कळते. हा वृक्ष सदाहरित असल्याने दुरून त्यात काही बदल दिसत नाही. परंतु जवळ जाऊन जुन्या फांद्या पाहाव्यात, त्यांच्या लाकडालाच लहान गोल कळ्यांचे घोस लगडलेले असतात. पांढऱ्या पाकळ्या व मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका असे हे फूल आहे. उमलण्यापूर्वीच, पहाटे झाडावर चढून कळ्या काढाव्या लागतात. हे काम अवघड असून जोखमीचेही आहे. सुरंगीचा वळेसर वाळल्यावरही सुगंध सोडत नाही, हे तिचे वैशिष्ट्य होय.

अशोकाविषयी येथे थोडे विषयांतर करणे भाग आहे. पुष्कळ देवळांच्या आवारात सरळ उंच वाढणारी, लांब लोंबत्या पानांची जी झाडे अशोक म्हणून लावलेली दिसतात, ती वस्तुतः अशोक नव्हेत. खरा अशोक, ज्यास सीताअशोक म्हणतात, तो पसरट वाढतो. त्याची फुले नारिंगी असून पुढे लाल होतात व खोडाफांद्यांनाच गुच्छांनी येतात. त्यांचा आरंभही याच सुमारास होतो.

पिंपळाची तांबूस, चकाकणारी पालवी, करंजाचा पर्णसंभार गळताच काही दिवसांत येणारी पोपटी पाने व कोशिंबाची लालभडक पालवी या खुणा सहज दिसतात. पक्ष्यांपैकी तांबटाची एकसुरी टुकटुक व पहाटेचे दयाळाचे गाणे प्रथम ऐकू येते. कुहूकुहू करणारा कोकीळ हा नर होय. मादीचा आवाज निराळा व कर्कश असतो.

आता सावर, पांगारा व पळस यांच्याविषयी. हे तिन्ही वृक्ष माघात निष्पर्ण होतात आणि त्याच अवस्थेत फुलतात. कोरड्या दिवसांत पानांवाटे होणारा पाण्याचा व्यय ते असा टाळतात. शिवाय पाने नसल्यामुळे लाल-केशरी फुले पक्ष्यांना दुरून दिसतात. मैना, कोतवाल, शिंजीर, कावळे हे सारे मधासाठी सावरीवर जमतात. परंतु फुले येण्याआधीचे दोन-तीन आठवडे वृक्ष अगदी सुकल्यासारखा भासतो आणि नेमका तेव्हाच त्याच्यावर कुऱ्हाड येते.

आमच्या आवारातही असे घडले आहे. तळीच्या काठचा पांगारा मेला असून त्याची फांदी कोणाच्या अंगावर पडेल, अशी तक्रार उत्सवापूर्वी आली. घाई झाली व झाड तोडले गेले. खोडाचा छेद ओला होता आणि टोकाच्या डहाळ्यांवर काळपट कळ्या धरलेल्या होत्या. त्या तोडल्यानंतर दिसल्या.

म्हणून पुढील परीक्षा अवश्य करावी. कोवळ्या डहाळीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवा ओलसर थर दिसला, तर झाड जिवंत आहे. एका डहाळीवरून निर्णय करू नये. निरनिराळ्या बाजूंच्या चार-पाच डहाळ्या पाहाव्यात. सर्वत्र तपकिरी व ठिसूळ लागले, साल सुटू लागली, बुंध्याशी अळंब्यांसारखी बुरशी उगवली, तरच शंका घ्यावी. एखादीच फांदी वाळलेली असल्यास तेवढीच उतरवावी. गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यान्वये वृक्ष अधिकाऱ्यांच्या परवानगीविना झाड तोडता येत नाही, हेही स्मरणात ठेवावे. आमच्या हातून तेही राहून गेले होते.

फुलांविषयी एक विनंती. मोहराच्या डहाळ्या ओरबाडून देवास वाहू नयेत. पूजेपुरती एखादी मंजरी पुजारी काढून देतात. मोगऱ्याची छाटणी झालेली असून त्याची फुले चैत्रातील वसंतपूजेपर्यंत मुबलक होतात.

त्या पांगाऱ्याच्या काही फांद्या माळ्याने कुळागराच्या कुंपणात मेढी म्हणून रोवल्या होत्या. पांगारा फांदीपासून सहज रुजतो. पहिल्या पावसानंतर त्यांतील तीन फुटल्या व आज त्यांवर मिरवेल चढवलेली आहे. तळीच्या काठची जागा अद्याप मोकळी आहे. येत्या मृगात त्यांपैकीच एक फांदी तेथे लावण्याचे समितीने ठरवले आहे.