तुटीचा डबा

आमच्या मेव्हण्याने जर्मनीहून आगगाडीचा एक डबा पाठवला. खेळण्यातला. मेर्कलिन कंपनीचा, पत्र्याचा, हिरवा, जुन्या बाजारात मिळालेला. पाठवला भाच्याला, पण भाच्याच्या हाती लागण्यापूर्वी तो अण्णांच्या हाती लागला. अण्णा म्हणजे माझे वडील. माटुंग्याच्या कॅरेज वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. त्यांनी एक डोळा मिटून डबा न्याहाळला आणि म्हणाले, "आखूड आहे."

"खेळणं आहे, अण्णा."

"असू दे. आखूड आहे."

मी फूटपट्टी आणली. २४ सेंटिमीटर भरला. जर्मनीतला खरा डबा २६.४ मीटर लांब. 'एचओ' गाड्यांचे प्रमाण एकास सत्त्याऐंशी. म्हणजे हा हवा ३०.३ सेंटिमीटर. तूट ६.३! आमच्या कॅशमध्ये सहा रुपये तीस पैसे कमी आले तर रात्री नऊपर्यंत कुणी घरी जात नाही. इथे वर्षानुवर्षे असे डबे विकले गेले आणि सगळे घरी जाऊन जेवले.

मी जुने हिशेब काढले. ग्योपिंगेन गावी १८५९ साली टेओडोर मेर्कलिन नावाच्या पत्रेकाम करणाऱ्या गृहस्थाने भातुकलीची भांडी करायला घेतली. तो लवकर गेला. धंदा सांभाळला त्याच्या बायकोने, कॅरोलिनने. १८९१ साली मुलांनी लाइपझिगच्या जत्रेत चावीची आगगाडी मांडली आणि रुळांची मापेच ठरवून टाकली. यंदा इंजिन घेणाऱ्याने पुढल्या वर्षी डबा घ्यावा, त्याच्या पुढल्या वर्षी सांधा. रिकरिंग डिपॉझिटच म्हणायचे! १९३५ साली त्यांची गाडी १६.५ मिलिमीटर रुळावर, म्हणजे जेवणाच्या टेबलावर आली. घोळ इथे आहे. टेबलावर वळायचे तर वळण लहान हवे. मेर्कलिनच्या नेहमीच्या वर्तुळाची त्रिज्या ३६ सेंटिमीटर.

"खऱ्या गाडीला किती लागते?" मी अण्णांना विचारले.

"ब्रॉडगेजला दहा डिग्री. १७५ मीटर. त्याच्या आत नाही."

भागिले ८७, दोन मीटर. म्हणजे वर्तुळ चार मीटर रुंद. आमचा हॉल दहा बाय बारा फूट. पुणे-मुंबई गाडीला शेजारच्या कुलकर्ण्यांच्या स्वयंपाकघरातून वळावे लागले असते. लहान वळणावर लांब डब्याचे पोट आत येते, टोके बाहेर जाऊन सिग्नल पाडतात. तेव्हा डबा आखूड नव्हता. घरे आखूड होती.

शौकीन मंडळींना हे मान्य नव्हते. त्यांनी करवती काढल्या. इंग्लंडात ट्रायअँग कंपनीचे मधोमध उंच छपराचे प्लॅस्टिकचे डबे मिळत. लोक दोन डबे कापत आणि हवे ते तुकडे जोडून तिसराच डबा करीत. खाती दोन नावे, एक जमा. उरलेले तुकडे सस्पेन्समध्ये. मग जाड कडांची चाके काढून बारीक कडांची घालायची, आत दिवे लावायचे. जुन्या बल्बच्या उष्णतेने छप्पर मऊ पडे, तो ताप एलईडीने मिटवला. आत उतारू बसवायचे तर बाकाखाली जागा नसते, म्हणून त्यांचे पाय गुडघ्यापासून कापतात. तिकीट असूनही! अमेरिकेतल्या संघटनेने तर वजनही ठरवून दिले: मूळ एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा. मूळ पगार आणि महागाई भत्ता.

कारखानेही हळूहळू वठणीवर आले. मेर्कलिनचा डबा २७ झाला, पुढे २८.२. दुसऱ्यांनी ३०.३ पुरा केला आणि वळणावर आपोआप लांबणारी, सरळ रुळावर पुन्हा मिटणारी कपलिंग बसवली.

हे सगळे मी अण्णांना वाचून दाखवले. अलीकडे त्यांचा हात कापतो. चहा आम्ही अर्धा कपच देतो. डबा मात्र त्यांनी तासभर हातात धरला होता आणि तो हलत नव्हता.

"पत्रा आहे. कापून सोल्डर करता येईल," ते म्हणाले. "पण एकात नाही भागायचं. दुसरा लागेल. सूनबाईंना सांग, भावाला फोन लावा."

चिरंजीव दारात उभे होते. "पण आजोबा, तो माझा आहे ना? मला कधी मिळणार?"

"वर्कशॉपात आलाय," अण्णा म्हणाले. "सुटला की मिळेल."