खुर्ची रिकामी राहू नये

आमच्या आबांना दिल्लीतला कुठलाही मोठा माणूस नागपूरच्या पत्त्यासकट ओळखायची सवय होती. ते एका वकिलांकडे मुनशी. रोज महालातून सायकलनं सिव्हिल लाइन्सला जायचे, पायजम्याला चिमटा लावून. संध्याकाळी परतले की पाय धुऊन ओसरीवर बसत आणि ‘हितवाद’ मोठ्यानं वाचत. इंग्रजी वाचायचे आणि सांगायचे मराठीत. त्यात बातमी किती आणि आबा किती, हे आम्हाला कधी कळलं नाही.

१९६९ च्या मे महिन्याच्या ३ तारखेला राष्ट्रपती झाकिर हुसेन गेले. पदावर असताना राष्ट्रपती जाण्याची देशातली ती पहिलीच वेळ. आजीनं चुलीपुढूनच विचारलं, “वर्ध्याचेच ना ते?” वर्ध्याचे ते कधीच नव्हते, पण १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकारानं तिथं शिक्षण परिषद भरली आणि नयी तालीमची आखणी करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष झाले. आजीच्या धाकट्या भावाला शाळेत टकळी चालवावी लागली, तेवढ्यावर तिनं त्यांना माहेरच्या माणसांत धरलं होतं. त्या दिवशी तिनं गोडाचं केलं नाही.

त्याच दिवशी उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी यांनी कार्यवाहक राष्ट्रपती म्हणून शपथ घेतली. यांचाही पत्ता निघालाच. १९२९ मध्ये आयटकचं अधिवेशन नागपुरात भरलं होतं, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष. तिथं कामगार चळवळीत फूट पडली आणि एन. एम. जोशींबरोबर जे बाहेर पडले, त्यांत गिरी होते. आबांचे थोरले भाऊ एम्प्रेस मिलमध्ये कामाला. ते अधिवेशन ‘पाहिलं’ असं आयुष्यभर सांगत. काय पाहिलं, म्हणून खोदून विचारलं तर म्हणत, “गर्दीच्या पाठी पाह्यल्या बाप्पा, अजून काय!”

खरी गंमत जुलैत झाली. १९ तारखेला गिरींनी चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकमावर सही केली, आणि २० तारखेला राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायला राजीनामा दिला. आता राष्ट्रपती नाही, उपराष्ट्रपतीही नाही. मग कारभार कोणाकडे? तर सरन्यायाधीशांकडे. अशी वेळ आलीच तर काय करायचं, याचा कायदा संसदेनं मे महिन्यातच करून ठेवला होता. आणि सरन्यायाधीश होते मोहम्मद हिदायतुल्ला!

आमच्या ओसरीवर त्या रविवारी दिवाळीच. आजीनं बरबटीचे वडे काढले होते. शेजारचे रेडिओ ऐकायला येऊन बसलेले. माझ्या डोक्यात मात्र त्या रात्रीची पार सरमिसळ झाली आहे. चंद्रावर माणूस उतरला तोही तेव्हाच, आपल्याकडच्या घड्याळात सोमवार उजाडताना. त्यामुळे मला कितीतरी वर्षं वाटायचं की हिदायतुल्ला आणि आर्मस्ट्राँग यांची नावं एकाच बातमीत आली होती.

आबांना चंद्राचं काही नव्हतं. “आपल्या मॉरिस कॉलेजचा पोरगा,” म्हणून ते सांगत सुटले. केंब्रिजहून परतून १९३० मध्ये इथंच वकिली सुरू केली, लॉ कॉलेजात शिकवलं, १९४३ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे ॲडव्होकेट जनरल, १९४६ मध्ये न्यायमूर्ती, १९५४ मध्ये नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती. इथवर आले की आबांचा आवाज बसायचा. कारण पुढचं साल १९५६. १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी गेली, आणि हिदायतुल्ला जबलपूरला नव्या मध्य प्रदेशच्या हायकोर्टात गेले. नागपूर हायकोर्टाचे ते शेवटचे मुख्य न्यायमूर्ती. इथं मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ राहिलं. ओळखीचे कितीतरी कारकून बिऱ्हाडं उचलून गेले. सत्ता गावातून जाते तेव्हा खाटा, भांडी, मुलांच्या शाळा, सगळंच जातं, हे आबांनी पाहिलं होतं. म्हणून दिल्लीतला हा बदल त्यांना नवलाचा वाटला. एक राजीनामा, एक शपथ. आणि सोमवारी कचेऱ्या नेहमीसारख्या उघडल्या.

पुढं जुलैअखेरीस अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीला आले, तेव्हा त्यांच्या स्वागताला हिदायतुल्ला. आजी म्हणाली, “काहून हो, तुम्ही याच साहेबाच्या कोर्टात फायली नेत होते ना?” आबांनी मान डोलावली आणि चहा मागितला. ९ ऑगस्टला बँकांच्या कायद्यालाही हिदायतुल्लांचीच संमती मिळाली. १६ ऑगस्टला मतदान झालं. गिरींसमोर संजीव रेड्डी आणि आपले चिंतामणराव देशमुख. देशमुखांचाही पत्ता आबांकडे होता, आयसीएस म्हणून त्यांची नोकरी याच प्रांतात सुरू झाली म्हणून. मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाबद्दल विदर्भवादी आबांचं मत काय होतं, ते मात्र त्यांनी गिळलं. दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर गिरी आले. ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७. २४ ऑगस्टला ते राष्ट्रपती झाले आणि पस्तीस दिवसांनी हिदायतुल्ला आपल्या कोर्टात परतले.

आबांना त्या सगळ्यात आवडला तो मे महिन्यातला कायदा. घर शांत असताना कागद करून ठेवावा, अडचण दारात आल्यावर नाही. त्यांनी तसाच एक कागद घरासाठी केला: आपल्यामागं घरपट्टी, वावर, कुळाचार कोणी पाहायचा. थोरल्या काकांचं नाव पहिलं, आणि ते नसतील तर धाकट्या काकांचं नव्हे, आत्याचं. त्या काळात लेकीचं! भावकी कुरकुरली. आबा म्हणाले, “पोरगी हिशेब चोख ठेवते.”

आबा गेले, आणि थोरले काका बदलीवर दूर. भांडण झालंच, नाही म्हणत नाही. पण कागद निघाला तसं थांबलं. धाकटे काका तोंडानं कुरकुरत आणि हातानं पावत्या आणून देत. १९८२ च्या ऑक्टोबरात राष्ट्रपती झैलसिंग उपचारासाठी अमेरिकेला गेले आणि तेव्हाचे उपराष्ट्रपती हिदायतुल्ला पुन्हा काही दिवस कार्यवाहक राष्ट्रपती झाले, तेव्हा आत्या घरपट्टीची पावती फायलीत लावत होती. काकांनी चिडवलं, “पाय, तुझा जोडीदार आला परत.” आत्यानं मान वर केली नाही. “राष्ट्रपती नाही मी बाप्पा,” म्हणाली, “पण सही माझीच चालते. इकडे आण ती पावती.”