आधी ओतशाळा, मग विद्यालय

सातारा-सांगली मुलखात अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांपूर्वी कारखाने उभे राहिले, ही गोष्ट उद्योग व शिक्षण यांच्या सहकार्याचे ठराव करणाऱ्यांच्या सहसा ध्यानी येत नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली संस्थेतील अध्यापकी सोडलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्थानकालगत निवडुंगाने भरलेला माळ दिला, आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. लोखंडाने जमीन नासते असे मानणाऱ्या रयतेच्या गळी तेथील लोखंडी नांगर उतरविण्यास गावोगाव हिंडणाऱ्या विक्रेत्यांत भाऊराव पाटील होते. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक ते हेच. साताऱ्याजवळ पाडळीस धनजीशा कूपरांनी नांगरांचा कारखाना काढला, त्यातही भाऊरावांचा हात होता, जरी पुढे उभयतांचे फाटले.

सांगलीस धोंडुमामा साठ्यांनी महाविद्यालय काढले ते १९४७ साली, म्हणजे किर्लोस्करवाडीनंतर सदतीस वर्षांनी; आणि ज्या वालचंद हिराचंदांच्या उद्योगसमूहाकडे कूपरचा कारखाना गेला होता, त्यांचेच नाव या महाविद्यालयास १९५५ मध्ये लाभले, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. कऱ्हाडचे सरकारी महाविद्यालय तर १९६० चे.