व्यंगांची पोटगी आणि व्यंगांचें काम

अंध, पंगु, मूक, बधिर इत्यादि व्यंग असलेल्या माणसांच्या निर्वाहाविषयीं आपल्या जुन्या ग्रंथांत जे उल्लेख येतात, ते वाचतांना एक भेद ध्यानांत ठेवावा लागतो. अन्नवस्त्र देणें हें एक, मिळकतीचा वांटा देणें हें दुसरें, आणि हाताला काम देऊन त्याचें वेतन देणें हें तिसरें. पहिल्याचे उल्लेख विपुल आहेत, दुसऱ्याविषयीं शास्त्रकारांनीं बराच खल केला आहे. तिसरा प्रकार मात्र क्वचित् आढळतो. तुळजापूर व भोंवतालचा मुलूख डोळ्यांपुढें ठेवून या तिसऱ्या प्रकाराचा कांहीं विचार येथें करावयाचा आहे.

तुळजापुराच्या पूर्वेस कल्याणी, म्हणजे आजचें बसवकल्याण, आहे. तेथें चालुक्य सहावा विक्रमादित्य (इ. स. १०७६-११२६) राज्य करीत असतां विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा टीका रचिली. मूळ स्मृतीनें अंध, पंगु, जड, असाध्यरोगी इत्यादिकांस दायभागांतून वगळून त्यांस केवळ भरणपोषणाचे अधिकारी ठरविलें आहे. विज्ञानेश्वरानें हा नियम मोडला नाहीं, पण त्याची धार बोथट केली. वांटणी झाल्यावर व्यंग आलें तर हातीं आलेला भाग परत जात नाहीं; आणि वांटणीनंतर औषधोपचारानें दोष दूर झाला तर भाग मिळतो, असें तो स्पष्ट सांगतो. पुढें ब्रिटिश हिंदुस्थानांत १९२८ च्या कायद्यानें, जन्मतः वेडा किंवा जडबुद्धि असलेल्याखेरीज, इतर व्यंगांचा हा अडसर काढला. तुळजापूर तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मात्र कोणताही रोग वा व्यंग वारसास आड येत नाहीं असें ठरलें. म्हणजे कल्याणीच्या पंडितानें सैल केलेली गांठ पूर्ण सुटण्यास साडेआठशें वर्षें लागलीं. तथापि वांटा मिळण्यास मुळांत मिळकत पाहिजे. ज्याच्या घरीं वांटण्यासारखें कांहींच नाहीं, त्या पंगूला या सगळ्या शास्त्रार्थाचा उपयोग नाहीं.

मराठी साधनांत राज्याच्या सेवेंत व्यंग आलेल्यांचा एक उल्लेख प्रसिद्ध आहे, आणि त्याचा संबंध तुळजापुराशींच पोहोंचतो. अफझलखान १६५९ मध्यें तुळजापुरीं आला व त्यानें भवानी फोडली, असें सभासद आपल्या बखरींत लिहितो. त्याच स्वारीचा शेवट प्रतापगडाखालीं झाल्यावर महाराजांनीं मृतांच्या लेकरांस चालविलें, ज्यांस पुत्र नाहीं त्यांच्या बायकांस निमें वेतन करून दिलें, आणि जखमी लोकांस जखम पाहून २५ पासून २०० होनांपर्यंत रक्कम दिली, असें तो सांगतो. जखमेच्या मानानें रक्कम ठरविण्याची ही रीत डोळस खरी. परंतु हीही भरपाईच. तुटल्या हातानें पुढें काय काम करावें, याविषयीं बखरकार बोलत नाहीं.

तें सांगणारा ग्रंथ म्हणजे कौटिलीय अर्थशास्त्र. या ग्रंथाची ताडपत्री पोथी १९०५ मध्यें म्हैसूरच्या ग्रंथालयांत शामशास्त्री यांच्या हातीं आली व १९०९ मध्यें त्यांनीं ती छापून प्रसिद्ध केली, पुढें प्रा. र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ति मुंबई विद्यापीठानें काढली. ग्रंथाच्या काळाचा वाद येथें उकरण्याचें प्रयोजन नाहीं. दुसऱ्या अधिकरणांत सूत्राध्यक्षाचें प्रकरण आहे. लोंकर, कापूस, ताग इत्यादिकांचें सूत कोणाकडून कातून घ्यावें, याची तेथें यादी दिली असून तींत विधवांच्या लगत न्यंगा, म्हणजे व्यंग असलेल्या स्त्रिया, येतात. त्यांचें नांव दानाच्या प्रकरणांत न येतां राजाच्या उद्योगाच्या प्रकरणांत येतें, हें विशेष ध्यानांत घेण्याजोगें आहे. सूत बारीक, मध्यम कीं जाडें हें पाहून व त्याचें प्रमाण पाहून वेतन ठरवावें. ज्या स्त्रिया घराबाहेर पडत नाहींत, त्यांत न्यंगाही आल्या, त्यांच्याकडे अध्यक्षानें आपल्या दासी पाठवून सन्मानानें काम पोहोंचवावें. ज्या स्वतः पहांटे सूतशाळेंत येतील त्यांच्याशीं देवघेव तेवढी करावी, दिवा सूत पाहण्यापुरताच असावा. मुख न्याहाळणाऱ्या किंवा भलतें बोलणाऱ्या अधिकाऱ्यास दंड, आणि वेतनास विलंब लावणाऱ्यास त्याहून मोठा दंड.

हें वाचून कोणी प्राचीनांच्या करुणेचें स्तोत्र गाऊं लागेल, तर त्यानें पुढची ओळही वाचावी. वेतन घेऊन काम न करणारीस अंगुष्ठसंदंश, म्हणजे चिमट धरणारा अंगठाच निकामी करण्याची शिक्षा, तेथें सांगितली आहे. व्यंगास काम देणारें तेंच खातें व्यंग उत्पन्नही करीत होतें. कौटिल्यास दया नव्हे, सूत पाहिजे होतें. परंतु माझ्या मतें या व्यवस्थेचें बळ नेमकें तेथेंच आहे. न्यंगेचें सूत राज्यास खरोखर लागत होतें. म्हणून काम तिच्या दारीं जात होतें, आणि मजुरी देण्यास उशीर करणें हा अपराध ठरत होता.

आतां आजच्या तुळजापुराकडे वळूं. २०१६ च्या कायद्यानें सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठीं किमान ४ टक्के जागा राखल्या आहेत, व महाराष्ट्रांत २०२२ च्या डिसेंबरांत त्यांच्या कल्याणाचें स्वतंत्र खातेंही निघालें. २०११ च्या जनगणनेंत देशांतील २.६८ कोटी दिव्यांगांपैकीं सुमारें ३६ टक्केच कांहीं कामधंदा करणारे आढळले होते. नोकऱ्यांच्या राखीव जागा तेवढी मोठी तूट भरून काढतील हें संभवत नाहीं. धाराशिव जिल्हा २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे. त्या योजनेंत कौशल्यप्रशिक्षणाचीं प्रमाणपत्रें किती दिव्यांगांस मिळालीं, तें मोजण्याची तरतूद आहे. कौटिल्याचा अध्यक्ष प्रमाणपत्र मोजीत नसे, सूत मोजीत असे.

तुळजापुरास मोजण्याजोगें काम नाहीं असें नाहीं. क्षेत्रास येणारा यात्रेकरू कवड्यांची माळ, कुंकू, परडी, ओटीचें साहित्य घेऊन जातो. नवरात्रांत तर त्यास सुमार नसतो. कवड्या ओंवणें, कुंकवाच्या पुड्या बांधणें हीं बैठीं कामें आहेत. पायांचा त्यांत संबंध नाहीं, आणि कवडी ओंवण्यास अंधाचीं बोटें सरावानें पुरीं पडतात. देवस्थान व नगरपरिषद यांनीं असा माल ठरल्या नगाच्या दरानें घरपोंच देऊन घरूनच परत घेण्याची पद्धति घातली, तर मंदिराच्या पायऱ्यांवर हात पसरण्याखेरीज दुसरी वाट दिसेल. यांत मजुरीचा दिवस ठरलेला असावा व तो चुकविणाऱ्यास दंड असावा, हा अर्थशास्त्रांतील भाग विसरूं नये. बाकीचें सर्व जमून तेवढेंच राहिलें तर तीही भिक्षाच होईल.

संग्राहकांस एक विनंति. ज्यांच्या दप्तरांत तुळजापूर, नळदुर्ग, परंडा या बाजूच्या देवस्थानी जमाखर्चाच्या वह्या असतील, त्यांनीं आंधळा, पांगळा, लुळा अशा नांवांपुढील रकमा धर्मादायाच्या खातीं पडल्या आहेत कीं मजुरीच्या, एवढें अवश्य पाहावें, आणि मजुरीची एखादी नोंद सांपडल्यास ती तारखेसह जशीच्या तशी प्रसिद्धीस पाठवावी.