हैतीच्या ताटातला भात कुणाचा?

आठवड्याभराचं अन्न समोर मांडून बसलेल्या कुटुंबांचे फोटो आपल्यापैकी अनेकांनी मोबाईलवर पाहिले असतील. पीटर मेन्झेल आणि फेथ डी'अलुझिओ या अमेरिकी जोडप्याने २४ देशांतल्या ३० कुटुंबांच्या घरी जाऊन केलेलं हे काम २००५ साली पुस्तकरूपाने आलं. श्रीमंत देशातल्या टेबलावर मांस, चीज, फळं, पाकिटं, बाटल्या. चाडच्या छावणीत राहणाऱ्या सुदानी निर्वासित कुटुंबासमोर धान्याचं पोतं आणि थोडंफार तेल-डाळ. फोटो खरे आहेत, त्यांच्याबद्दल आमची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती हे फोटो पुढे पाठवताना खाली लिहिल्या जाणाऱ्या वाक्यांबद्दल. "तिथली जमीनच तशी." "पोरंच फार." "लोक आळशी." "ज्याचं त्याचं नशीब." ही वाक्यं आपल्या ओळखीची आहेत. गावकुसाबाहेरच्या ताटाबद्दल पिढ्यानपिढ्या हेच बोललं गेलं आहे.

समाजशास्त्राच्या वर्गात एंगेलचा नियम शिकवतात. (हा एर्न्स्ट एंगेल, जर्मन संख्याशास्त्रज्ञ. मार्क्सचा मित्र एंगल्स वेगळा. परीक्षेत ही गल्लत हमखास होते.) बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांच्या खर्चाचे आकडे तपासून त्याने १८५७ मध्ये दाखवून दिलं की कुटुंब जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा हिस्सा मोठा. हा नियम आज देशांनाही लागू पडतो. फ्रान्समधल्या कुटुंबाचा साधारण सातवा हिस्सा खाण्यावर जातो, हैतीतल्या गरीब कुटुंबाचा निम्म्याहून अधिक. पण हिस्सा कळला म्हणून कारण कळत नाही. ताट रिकामं कसं झालं, कुणी केलं, हे एंगेल सांगत नाही. त्यासाठी इतिहासात उतरावं लागतं. फ्रान्स आणि हैती हे दोन देश आम्ही मुद्दाम निवडले, कारण एकाचं ताट भरण्याचा आणि दुसऱ्याचं रिकामं होण्याचा इतिहास बऱ्याच अंशी एकच आहे.

हैती म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनिओला बेटाचा पश्चिम भाग. १६९७ च्या तहाने तो फ्रान्सकडे आला. तेव्हा त्याचं नाव सँ-दोमँग. पुढच्या शंभर वर्षांत आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांच्या श्रमावर ही जगातली सर्वात श्रीमंत वसाहत बनली. १७८० च्या दशकात युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे ४० टक्के आणि कॉफीपैकी निम्म्याहून जास्त एवढ्याशा भूभागातून जात होती. पॅरिसच्या कॉफीगृहांत बसून स्वातंत्र्य आणि समतेवर ज्या चर्चा झाल्या, त्या चर्चांच्या कपात हीच कॉफी होती, हीच साखर होती. क्रांतीच्या वेळी वसाहतीत सुमारे पाच लाख गुलाम होते. जन्मापेक्षा मृत्यू जास्त, म्हणून दरवर्षी नवी माणसं जहाजांतून आणावी लागत.

या माणसांनी काय खायचं, हे कायद्याने ठरवलेलं होतं. चौदाव्या लुईच्या १६८५ च्या 'कोड नोआर'मध्ये, म्हणजे काळ्या माणसांसाठीच्या कायद्यात, त्याचं स्वतंत्र कलमच आहे. दहा वर्षांवरच्या प्रत्येक गुलामाला आठवड्याला अडीच मापं कसाव्याचं पीठ (साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तोच हा कंद) आणि दोन पौंड खारवलेलं गोमांस किंवा तीन पौंड मासे. त्याहून लहान मुलांना याच्या निम्मं. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे: गुलामाने ऊस विकायचा नाही. मालकाने परवानगी दिली तरी नाही. विकला तर चाबूक. ऊस लावायचा त्याने, तोडायचा त्याने, रात्रभर गाळायचा त्याने, पण उसाचं एक कांडं त्याच्या हक्काचं नाही.

मासे कुठले, तेही पाहा. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा खारवलेला कॉड मासा प्रतवारी करून विकला जाई. चांगला माल स्पेन-पोर्तुगालच्या बाजारात. तुटलेला, नीट न सुकलेला, विकला न जाणारा माल 'वेस्ट इंडिया' अशी प्रत ठरवून कॅरिबियन बेटांवर, गुलामांसाठी. उष्टं म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टं आणि मेलेल्या जनावराचं मांस सोडण्याचं आवाहन केलं, तेव्हा मुद्दा पौष्टिकतेचा नव्हता. दुसऱ्याने टाकलेलं खाणं हा समाजव्यवस्थेतल्या जागेचा पुरावा असतो, हे त्यांनी ओळखलं होतं. अटलांटिकच्या पलीकडे तोच पुरावा माशाच्या पिंपावर प्रत म्हणून लिहिलेला होता.

कायद्यातलं शिधावाटपही मळेवाले पाळत नसत. शिध्याऐवजी सुटीचा दिवस देऊन 'तुमचं तुम्ही पिकवा' म्हणायला कायद्याने बंदी होती. तरी सर्रास तेच चाले. डोंगरउतारावरच्या निकृष्ट तुकड्यांवर गुलामांनी कसावा, सुरण-रताळ्यासारखे कंद, केळी, मका, शेंगा पिकवल्या. आफ्रिकेतून आलेली ज्वारीही पिकवली. हैतीत तिला 'पितिमी' म्हणतात. उपासमारीतून सुटण्यासाठी उभं केलेलं हे शेतीचं ज्ञान पुढे स्वतंत्र हैतीच्या खेड्यांचा आधार ठरलं.

ऑगस्ट १७९१ मध्ये बंड पेटलं आणि उसाचे मळे जळाले. नेपोलियनने १८०२ मध्ये गुलामी परत आणायला सैन्य पाठवलं, त्याचा पराभव झाला. १ जानेवारी १८०४ रोजी देसालिनने हैती स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं. त्या दिवसाची आठवण म्हणून दर १ जानेवारीला हैतीतल्या घराघरात लाल भोपळ्याचं सूप करतात, 'सूप जुमू'. गुलाम हे सूप मालकासाठी शिजवत, पण त्यांना ते प्यायला मिळत नसे, असं हैतीचे लोक सांगतात. स्वातंत्र्याचा पहिला घोट म्हणून ते आजही प्यायलं जातं. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, म्हणून ती मुक्ती आपल्याला ठाऊक असते. ज्यांनी स्वतःच लढून स्वतःला मुक्त केलं ते हैती मात्र आपल्या अभ्यासवर्गांत फारसं येत नाही. यायला हवं.

मग स्वतंत्र हैतीचं ताट का भरलं नाही? इथे तारीख लक्षात ठेवा: १८२५. फ्रान्सच्या दहाव्या चार्ल्सने युद्धनौका पाठवल्या आणि मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक मागितले. कशासाठी? मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेची भरपाई म्हणून. त्या मालमत्तेत माणसंही धरलेली होती. म्हणजे ज्यांना विकत घेतलं गेलं होतं, त्यांनीच आपल्या शरीराची किंमत मालकाला चुकवायची. १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आली, पण पहिला हप्ता भरण्यासाठी फ्रेंच बँकांकडूनच कर्ज काढावं लागलं होतं. हे पैसे आले कुठून? मुख्यतः कॉफीच्या निर्यातीवरच्या करातून, म्हणजे डोंगरावरच्या लहान शेतकऱ्याच्या पोटातून. पाटबंधारे, शाळा, रस्ते यांना जायचा पैसा पॅरिसला गेला. या कर्जाचं शेपूट १९४७ पर्यंत, म्हणजे आपल्या स्वातंत्र्याच्या वर्षापर्यंत, हैतीच्या मागे होतं.

फ्रान्सने दरम्यान बिटापासून साखर काढायला सुरुवात केली होती. नेपोलियनने १८११ पासून त्याला सरकारी पाठबळ दिलं. पुढे १९६२ पासून युरोपच्या सामायिक कृषी धोरणाने तिथल्या शेतकऱ्याला हमीभाव आणि आयातीपासून संरक्षण दिलं. श्रीमंत देशांचं ताट 'खुल्या बाजाराने' भरलं, असं सांगणाऱ्यांनी हे दोन सन जरूर तपासावेत. त्यांनी आपला शेतकरी जपला. हैतीला मात्र उलटं करायला लावलं.

ते कसं? १९१५ ते १९३४ अमेरिकी सैन्य हैतीत होतं. परकीयांना जमीन घेण्याची बंदी याच काळात उठवली गेली, शेतकऱ्यांना रस्त्याच्या कामावर वेठबिगारीने जुंपलं गेलं. मग १९७० च्या दशकाच्या शेवटी डुकरांमध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला. रोग अमेरिकेत पोचू नये म्हणून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हैतीतली गावठी काळी डुकरं सरसकट मारण्यात आली. आपल्याकडे शेळी जशी गरीब बाईची बँक, तसं तिथे डुक्कर होतं. मुलाची शाळेची फी, आजारपण, मयत, सगळं त्याच्यावर. बदल्यात अमेरिकेतून गोरी डुकरं आली. त्यांना पक्का निवारा आणि विकतचं खाद्य लागे. लोक उपहासाने त्यांना 'चार पायांचे राजपुत्र' म्हणू लागले.

आणि तांदूळ. १९८० च्या दशकापर्यंत हैती आपल्या गरजेचा बहुतेक तांदूळ आर्तिबोनित नदीच्या खोऱ्यात पिकवत होतं. भात रोजचा नव्हता. मका, ज्वारी, कंद, केळी यांच्यासोबत आठवड्यातून काही वेळा. १९८६ मध्ये हुकूमशहा दुवालिए पळाला आणि नंतरच्या सरकारने बाजार उघडला. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्जाच्या अटींखाली तांदळावरचा आयात कर ३ टक्क्यांवर आणला. अनुदानावर पिकलेला अमेरिकी तांदूळ ओतला गेला. लोकांनी त्याला 'मायामी तांदूळ' नाव दिलं. तो स्वस्त होता, म्हणून आधी स्थानिक तांदूळ गेला, मग ज्वारी-मका मागे पडले, मग शेतकरी शहरांच्या झोपडपट्ट्यांत गेला. २००८ मध्ये जगभर धान्याचे भाव भडकले तेव्हा या शहरांत दंगे झाले, पंतप्रधानांना जावं लागलं. मातीचे बिस्किटासारखे तुकडे खाणाऱ्या हैतीच्या गरिबांचे फोटो जगभर फिरले. १८२५ आणि १९९५ या तारखा त्या फोटोंसोबत फिरल्या नाहीत.

मार्च २०१० मध्ये बिल क्लिंटन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर कबूल केलं की आपल्या काळातलं हे धोरण चुकलं, त्याचा फायदा त्यांच्या अर्कान्सासच्या काही शेतकऱ्यांना झाला असेल, हैतीला नाही. माफी मागितली हे ठीक. कर मात्र आधीच गेला होता आणि त्याच्यासोबत भाताची खाचरंही. त्याच २०१० मध्ये युनेस्कोने फ्रेंचांच्या साग्रसंगीत भोजनाला मानवजातीच्या वारशात स्थान दिलं. सूप जुमूला ते स्थान मिळायला २०२१ उजाडलं.

आपल्याकडच्या रेशनबद्दल बोलताना हे लक्षात ठेवायला हरकत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य १ रुपया किलोने द्यायची तरतूद होती, तरी ज्वारी खाणाऱ्या मराठवाड्याच्या रेशन दुकानात वर्षानुवर्षं मुख्यतः गहू-तांदूळच आला. रेशन हवंच, ते आपल्या लोकांना जगवतं. पण पोत्यात कोणतं धान्य येणार हे जिथे ठरतं, तिथे आपण बसलेलो नसतो.

हैतीचे शेतकरी गप्प बसलेले नाहीत. २०१० च्या भूकंपानंतर मोन्सँटो कंपनीने ४७५ टन संकरित बियाणं 'दान' देण्याची घोषणा केली. ४ जून २०१० रोजी एँश या गावात 'मुव्हमान पेइझान पापाय' या संघटनेच्या हाकेला हजारो शेतकरी, बायका-पुरुष, जमले. नुकताच लाखोंचा जीव घेतलेला भूकंप, डोक्यावर ताडपत्री, तरीही फुकटचं बियाणं नको म्हणाले. दुसऱ्या वर्षी पुन्हा विकत घ्यावं लागणारं बी म्हणजे नवी गुलामी, हा त्यांचा युक्तिवाद. त्यांनी त्यातलं थोडं बियाणं भर मोर्चात जाळलं.