चिन्ह आणि शब्द

1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदार निरक्षर होते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह लावले जाई. पुढे एकाच मतपत्रिकेवर नाव आणि चिन्ह शेजारी आले. मतदान यंत्रावरही ते तसेच आहेत. चिन्ह आले म्हणून नाव गेले नाही.

संगणकात मात्र नाव जाऊ लागले आहे. 1981 चा झेरॉक्स स्टार आणि 1984 चा मॅकिंटॉश यांनी पडद्यावर चित्रे आणली. आज मोबाइलच्या कित्येक मेनूंत चित्रेच उरली. चित्राला भाषा लागत नाही, असा युक्तिवाद होतो. पण ज्याने फ्लॉपी कधी पाहिली नाही, त्याला फ्लॉपीच्या चित्रातून 'जतन करा' हा अर्थ कसा उमगावा?

पांढुर्णा-सौंसरात हा प्रश्न अधिक गंभीर आहे. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदीबरोबर मराठीही राजभाषा होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. या दोन तहसिली मध्य प्रदेशातच राहिल्या आणि 2023 मध्ये त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. येथे हिंदी व मराठी दोहोंची लिपी देवनागरीच. 'सहेजें' आणि 'जतन करा' यांतील भेद लिपी दाखवीत नाही, चित्र तर नाहीच. तो केवळ शब्द दाखवितो. शब्द काढला की पडद्यावरून मराठीच निघून जाते, आणि तक्रारीला पुरावाही उरत नाही.

म्हणून आमचे म्हणणे मतपत्रिकेइतकेच साधे आहे: चित्र असू द्यावे, त्याच्या शेजारी मराठी शब्दही असावा. आणि जेथे तो उपलब्ध आहे, तेथे आपण फोनची भाषा मराठी निवडावी.